पट्टा ओरडून राहिला

अकोल्यात खोली शोधताना तीन घरमालकांनी मला आधी आडनाव विचारलं होतं आणि मग खोली कालच गेली असं सांगितलं होतं. चौथ्या घरी फाटकापाशी गाडी उभी करून उतरले, तर बनियन-लुंगीतला एक उंच, वाळका माणूस अंगणात झाडाला पाणी घालत होता. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्या गाडीच्या बॉनेटकडे पाहत होता.

"गाडी कोनाची?"

"माझी."

"पट्टा ओरडून राहिला."

"हो, चालू केली की जरा वेळ ओरडतो. मग आपोआप थांबतो."

"थांबत नाई. थकते."

मी म्हटलं, मी खोली बघायला आले आहे. त्यांनी जिन्याकडे बोट केलं. "खोली वर आहे. नळ चार दिवसाआड येते. आधी पट्टा बदलून आन, मंग सामान आन."

बस. आडनाव त्यांनी पुढे आठ महिन्यांनी विचारलं, तेही कुरिअरवाला दारात उभा होता म्हणून.

अख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची. तीस वर्षं त्यांनी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवलं होतं आणि आता ते निवृत्त होते. काकूही त्यांना रागावल्या की सरच म्हणायच्या. एरवी 'आमचे हे'. मी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होते. शनिवारी अमरावतीला आईवडिलांकडे जायचं, रविवारी परत यायचं. माझी जुनी, दुसऱ्याची वापरून झालेली गाडी त्यामुळे दर आठवड्याला सरांच्या डोळ्यांसमोरून, म्हणजे कानांसमोरून, दोनदा जायची.

सर गाडी दुरुस्त करत नसत. फक्त ऐकत. "दुरुस्त करनारे लय आहेत," ते म्हणत, "आयकनारे नाईत." आणि इंजिनातलंही सगळं ते ऐकत नसत. पिस्टन, क्लच, सायलेन्सर यांच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा विषय इंजिनच्या पुढच्या बाजूला फिरणारा रबरी पट्टा एवढाच होता. तोच बॅटरी भरणारा अल्टरनेटर फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो, एसी फिरवतो, माझ्यासारख्या जुन्या गाडीत स्टिअरिंगचा पंपही फिरवतो. सरांच्या मते त्याला तीनच गोष्टी सांगता येतात. सैल झाला की तो घसरतो आणि किंचाळतो, एसी किंवा लाइट लावून भार वाढवला की जास्तच. तो ज्यांवरून फिरतो त्या पुल्या एका रेषेत नसल्या की चिवचिवतो. आणि एखाद्या पुलीचं बेअरिंग निकामी होत चाललं असेल तर त्या किंचाळण्याच्या खाली एक बारीक, कोरडी घरघर असते. "घरघर आली का गाडी हलवाची नाई," एवढा एकच नियम त्यांनी मला पाठ करून घेतला.

त्यांच्याकडे प्लास्टिकची एक बाटली असे, झाकणाला भोक पाडलेली. चालू इंजिनच्या पट्ट्यावर लांबून पाण्याची बारीक चिळकांडी मारायची. चिवचिव थांबली तर पुली वाकडी. किंचाळणं वाढलं तर पट्टा सैल. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग. हे करताना जवळपास कोणाचा दुपट्टा, पदर, टाय किंवा गळ्यातलं उपरणं दिसलं तर सर बाटली खाली ठेवत आणि ते वस्त्र खोचलं जाईपर्यंत बोलत नसत.

पण बॉनेट उघडायच्या आधी एक पायरी होती. गाडीवाल्याला तो आवाज स्वतः काढून दाखवावा लागे. सरांचं म्हणणं, माणसानं आवाज नीट ऐकला असेल तर तो काढता येतो. काढता येत नसेल तर त्यानं ऐकलेलाच नाही आणि त्याची तक्रार ग्राह्य नाही. मी गॅलरीतून मोठमोठी माणसं किंचाळताना पाहिली आहेत. एकदा एक वकील कोर्टात जाता जाता आले होते. काळा कोट हातावर घेऊन त्यांनी अंगणाच्या मधोमध आवाज काढला. सर डोळे मिटून उभे होते.

"अजून बारीक."

वकिलांनी अजून बारीक काढला. शेजारचं कुत्रं उठून बसलं.

"आता एसी लावा."

वकील गोंधळले. "तोंडानं?"

"मंग कशानं?"

वकिलांनी श्वास घेतला आणि एसी लावला. सरांनी डोळे उघडले. "सैल आहे," ते म्हणाले. वकील निघून गेले आणि सर पुन्हा झाडांना पाणी घालू लागले. या सगळ्याबद्दल ते काही घेत नसत. उलट काकू त्या माणसाला चहा देत, कारण किंचाळून घसा कोरडा पडतो.

सरांचा राग एकाच प्रकारच्या माणसांवर होता. रस्त्याकडेचे काही लोक ओरडणाऱ्या पट्ट्याला कपडे धुवायचा साबण चोळून देत. आवाज दोन दिवस बंद होतो, गाडीवाला खूश होतो आणि पट्टा आतून खराब होत जातो. 'पट्ट्याले साबन लावनारा' ही सरांकडची सर्वांत मोठी शिवी होती. ती त्यांनी एका हाडाच्या डॉक्टरला दिली होती, वॉर्डातल्या दोन उमेदवारांना दिली होती आणि स्वतःच्या जावयाला दिली होती. जावयाला ती स्तुती वाटली, कारण तो साबणाच्याच एजन्सीत होता.

अंजनगाव सुर्जीला काकूंच्या मावसभावाच्या मुलाचं लग्न होतं. दोघांना मीच घेऊन गेले. वरात निघाली, पुढे डीजे, मागे नाचणारी मंडळी, त्यामागे फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी. डीजेच्या आवाजानं माझ्या छातीच्या फासळ्या हलत होत्या. सर माझ्या शेजारून चालत होते. चालता चालता थांबले.

"पट्टा," ते म्हणाले.

मला डीजेशिवाय काही ऐकू येत नव्हतं. सर सरळ गाडीसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. डीजे थांबला. नवरदेवाचे वडील धावत आले. त्यांना वाटलं कोणी गाडीखाली आलं. सरांनी बॉनेट उघडायला सांगितलं. बॉनेटवर फुलांची जाळी होती, ती सोडवण्यात दहा मिनिटं गेली. नवरदेव आत बसून होता आणि त्याला उतरू देत नव्हते, कारण नवरदेव मध्येच उतरत नाही. आत पाहिलं तर सजावटीची चमकीची फीत गाडीच्या पुढच्या जाळीतून आत जाऊन पुलीभोवती गुंडाळली गेली होती आणि पट्टा तिच्यावरून घसरत होता. सरांनी इंजिन बंद करवलं, पक्कड मागितली, फीत इंचाइंचानं काढली आणि नवरदेवाच्या वडिलांच्या हातात दिली. लग्न उशिरा लागलं. अल्बममध्ये त्या वरातीचा एकच फोटो आहे. त्यात नवरदेव काचेमागे बसला आहे आणि पुढे सरांची पाठ आहे.

तर अशा माणसानं एक दिवस ओट्यावर बसून मला सांगितलं, "आजकाल गाड्या सुधरल्या."

"म्हणजे?"

"पट्टे ओरडत नाईत. इथं बसलो का अर्ध्या तासात चार-पाच तरी जात. आता दिवस जाते, एकही नाई. रबर चांगलं येऊन राहिलं बावा."

ते हे समाधानानं म्हणाले आणि थोडं उदासही वाटले, जसा निवृत्त माणूस आपल्या जुन्या खात्याचं काम सुरळीत चाललंय हे ऐकून होतो. मला त्यात काही खटकलं नाही. लोक बाटलीवाल्या सरांकडे अजून येत होते, आवाज काढून दाखवत होते. फरक एवढाच होता की बॉनेट उघडल्यावर सर आता बहुतेक वेळा म्हणत, "मस्त आहे. जा."

त्या हिवाळ्यात माझी गाडी पुन्हा ओरडायला लागली. तोवर मला त्या घरात तीन वर्षं झाली होती आणि सरांनी शिकवलेलं माझ्या कानात उतरलं होतं. किंचाळणं होतं, आणि त्याच्या खाली घरघर होती. एका शुक्रवारी संध्याकाळी मी सरांना खाली बोलावलं. त्यांनी सांगितल्यावर मी आवाज काढून दाखवला. त्यांनी बॉनेट उघडलं, चिळकांडी मारली, डोळे मिटले. बराच वेळ उभे राहिले.

"काई नाई. मस्त आहे."

"सर, मला खाली घरघर वाटते."

"वाटन. नवीन आयकनाऱ्याले सगळंच वाटते."

इंजिन चालूच होतं. आवाज आमच्या दोघांच्या मध्ये होता, दोन हातांवर. मला तो ऐकू येत होता. पण सर समोर उभे होते आणि मस्त आहे म्हणत होते. मी गाडी बंद केली आणि हलक्या मनानं वर गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंना अमरावतीला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून त्या माझ्यासोबत निघाल्या. मांडीवर करंज्यांचा डबा होता. मूर्तिजापूर मागे पडलं आणि घरघर वाढली. मी काकूंना काही बोलले नाही. मग पुढून फट् असा आवाज झाला, समोर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि हातातलं स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. पुढे कापसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर हळू झाला होता. मी ब्रेक दाबला आणि दोन्ही हातांनी, सगळ्या अंगानं स्टिअरिंग डावीकडे ओढलं. ट्रॉलीचा कोपरा काकूंच्या खिडकीपासून किती लांबून गेला ते मला सांगता येणार नाही. गाडी रस्ता सोडून काळ्या मातीत उतरली आणि एका बाभळीच्या अलीकडे थांबली. बॉनेटमधून वाफ निघत होती.

"बंद कर," काकू म्हणाल्या.

मी किल्ली फिरवली. माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. काकूंनी डबा उघडून करंज्या फुटल्या का ते पाहिलं. मग झाकण लावलं आणि समोर बघत म्हणाल्या, "आमच्या यायले आयकू येत नाई."

"काय?"

"बारीक आवाज आयकू येत नाई. दोन वर्सं झाले. बोललेलं समजते. पन कुकरची शिट्टी नाई, मोबाईल नाई, फोडनी तडतडते थे नाई."

"तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?"

काकूंनी मांडीवरचा डबा सरळ केला. "कानानंच त थे सर आहेत. थे गेलं मंग कोन राह्यलं?"

"काकू, आज आपण…"

"हो," काकू म्हणाल्या. "आज मेलो असतो आपन."

आणि मग त्या रडल्या. मीही रडले. ट्रॅक्टरवाला मागे येऊन विचारत होता, बाई लागलं का, आणि आम्ही दोघी त्याला मानेनंच नाही म्हणत रडत होतो. शेवटी काकूंनी त्याला दोन करंज्या दिल्या.

मूर्तिजापूरहून मेकॅनिक आला. पट्ट्याला ताण देणारी पुली जाम होऊन पट्टा तुटला होता. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर, म्हणून इंजिन तापलं होतं. त्यानं पुली आणि पट्टा दोन्ही नवीन बसवले आणि जुनी पुली डिकीत टाकली. सरांना काय सांगायचं हे आम्ही रविवारी परत येताना ठरवलं. पंक्चर झालं, म्हणून उशीर झाला. बस.

सर अंगणातच होते. "कोनतं चाक?" त्यांनी विचारलं.

"पुढचं," काकू म्हणाल्या.

"मागचं," मी त्याच क्षणी म्हटलं.

सरांनी दोघींकडे पाहिलं आणि स्टेपनी बघायला डिकी उघडली. पुली तिथंच पडली होती. ती त्यांनी उचलली, बोटावर घेतली, दुसऱ्या हातानं फिरवली. ती फिरत नव्हती, अडत होती. त्यांनी ती तळहातावर दाबून पुन्हा फिरवली. मग ओट्यावर जाऊन बसले.

"हे महिनाभर तरी ओरडत असन," ते म्हणाले.

त्यांनी पुली उलटी करून पाहिली.

"परवा बी ओरडत असन. मी समोर उभा होतो."

"हो सर."

"तुले आयकू येत होतं?"

"हो."

"मंग गेली काहून?"

"तुम्ही म्हणालात मस्त आहे."

सर मला कधी रागावले नव्हते. त्या दिवशीही आवाज चढला नाही. "तीस वर्सं मी पोट्ट्यायले एकच सांगतलं. पुस्तकाकडे नको पाहू, मास्तराकडे नको पाहू, आयक. आन तू आयकून बी माह्याकडे पाह्यलं."

मग ते काकूंकडे वळले. "तुले मालूम होतं."

"हो," काकू म्हणाल्या.

"पट्ट्याले साबन लावला तुनं."

काकू आत गेल्या. मला वाटलं आता त्या घरात आठवडाभर कोणी बोलणार नाही. मी वर जाऊन जेवले नाही. सकाळी लवकर खाली आले, तर दोघं स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर बसले होते. सरांच्या मांडीवर जुनं कॅलेंडर उलटं करून ठेवलं होतं आणि ते लिहीत होते. काकू आठवून सांगत होत्या.

"वकिलाची पांढरी. थे दिवाळी झाल्यावर आले होते."

"काय म्हनलो होतो मी?"

"मस्त आहे म्हनले होते."

सरांनी लिहिलं. गेल्या दोन वर्षांत त्यांनी ज्यांना मस्त आहे म्हटलं होतं, त्या सगळ्यांची यादी चालली होती. काकूंना एकूण एक गाडी आठवत होती, कारण प्रत्येक गाडीमागे त्यांनी चहा केला होता. शेवटी चौदा नावं झाली. सरांनी कॅलेंडर घडी करून खिशात घातलं आणि मला विचारलं, "रजा भेटन का?"

आम्ही माझ्या गाडीतून चार दिवस फिरलो. सर दार वाजवत, नमस्कार किंवा जयभीम जे असेल ते करत आणि लगेच सांगत, "मी तुमची गाडी मस्त आहे म्हनलो होतो. मले बारीक आवाज आयकू येत नाई. थे बोलनं खरं धरू नका. ही पोरगी आयकते." मग गाडी चालू करायची आणि मी ऐकायचं. काही हसले. एक म्हातारे गृहस्थ, सरांना इतकं वाईट वाटू नये म्हणून, माझी गाडी खरंच मस्त आहे हो, असं तीनदा म्हणाले. ती खरंच मस्त होती. एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. वकिलांनी गाडी मेहुण्याला विकली होती, तर आम्ही मेहुण्याकडे गेलो. तो चिवचिव आवाज होता, पुली वाकडी होती. सरांनी पाणी मारलं, मी सांगितलं थांबलं, त्यांनी यादीत खूण केली.

मध्ये एक दिवस ते कानाच्या डॉक्टरकडेही गेले. तिथल्या मुलीनं त्यांना एका बंद खोलीत बसवून कानावर आवाज सोडले आणि आलेख काढून दिला. त्यातली रेघ अर्ध्यापर्यंत सरळ जात होती आणि मग उतरत होती. सरांनी तिला विचारलं, मशीन तपासलेलं आहे का? तिनं हो म्हटलं. "मंग ठीक," ते म्हणाले. कानात घालायचं यंत्र मिळालं. त्यातून त्यांना ताट-वाट्या आणि शेजारणीचं बोलणं फार मोठ्यानं ऐकू यायचं. पट्ट्यासाठी ते उपयोगाचं नाही, असं त्यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं.

यादीतलं शेवटचं नाव रेल्वे लाइनच्या पलीकडचं होतं, शाळेच्या पोरांची व्हॅन चालवणाऱ्याचं. आम्ही सकाळी सातच्या आधी पोचलो, कारण तो साडेसातला पोरं घ्यायला निघतो. तो व्हॅन चालू करून काच पुसत होता. मी खाली उतरायच्या आधीच मला ऐकू आलं. सर व्हॅनच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी आपलं वाक्य म्हटलं.

ड्रायव्हर हसला. "सर, मस्तच आहे. तुमी म्हनल्यापासून रोज ओरडते, पन मले टेन्शन नाई. तुमी म्हनले ना मस्त. मी रेडिओ मोठा लावतो."

सरांनी व्हॅनवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळले. "घरघर?"

"आहे," मी म्हटलं.

"बंद कर," ते ड्रायव्हरला म्हणाले. "घरोघरी फोन लाव. आज पोरायले गाडी येनार नाई म्हन."

"सर, परीक्षा चालू आहे. मायबाप मले सोडतीन का?"

"माहं नाव सांग. सर बहिरा झाला, त्यानं चुकीचं सांगतलं, म्हन."

ड्रायव्हर फोन लावत राहिला आणि शिव्या खात राहिला. दोन घरी फोन सरांनी स्वतः घेतला आणि तेच वाक्य म्हटलं. तीन पोरांना मी माझ्या गाडीतून शाळेत सोडून आले. परत आले तेव्हा मेकॅनिक आला होता. पुली काढून त्यानं हातात धरली तेव्हा तिचं बेअरिंग खुळखुळत होतं. ड्रायव्हरनं ते पाहिलं आणि तो व्हॅनच्या पायरीवर बसला. सर त्याच्या शेजारी बसले.

नवी पुली, नवा पट्टा बसेपर्यंत दहा वाजले. ड्रायव्हरनं व्हॅन चालू केली. सर बाटली घेऊन समोर उभे राहिले.

"आला का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

त्यांनी पाणी मारलं. "आता?"

"नाही सर."

"लाइट लाव," ते ड्रायव्हरला म्हणाले. त्यानं लावले. "आता?"

"नाही."

"जवळ जाऊन आयक."

मी दुपट्टा खोचला आणि जवळ गेले. डोळे मिटले. घाई केली नाही. पट्टा फिरत होता, एवढाच आवाज होता.

"नाही सर. काही नाही."

सर समोरून बाजूला झाले आणि त्यांनी ड्रायव्हरला हातानं जा म्हटलं.